डाव्या खांद्यावरचं लाल

बोंडं फुटायला लागली की माझ्या दुकानात कापसाचे तंतू येतात. वेचणीहून परतणाऱ्या बायांच्या लुगड्यांना चिकटून येतात, बैलबंडीमागून उडत येतात, कधी नुसतेच वाऱ्यावर. मशीनच्या तेलावर बसतात आणि काळे पडतात. या दिवसांत गावात कोणाला काय आठवतं, कोणाला काय. कोणी पहिल्या वेचणीच्या भरलेल्या ओटीचं बोलतो, कोणी बंडीवर रचलेल्या कापसात घेतलेल्या झोपेचं. मला खाकी कापड आठवतं. मग दारात जो कोणी उभा असेल त्याला मी एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर पाहून घेतो.

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तीन मीटर म्हणून आणलेलं कापड मी मोजल्याशिवाय हातातून खाली ठेवत नाही. बायको होती तोवर म्हणायची, "हा मानूस आरशात पाह्यते तं पयले विचारते, का बाबू, तू मीच हायस ना?" लोक हसायचे. मीही हसायचो. पण मी जन्मापासून असा नव्हतो, एका वेचणीच्या हंगामात असा झालो. आणि त्या हंगामात मी जे केलं ते तिलाही पूर्ण सांगितलं नव्हतं.

यंदा ते सगळं वर आलं ते नातीमुळे. प्रज्ञा पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. मागच्या आठवड्यात चार दिवसांची सुट्टी काढून आली. जेवणं झाली, आणि दुपारी ती दुकानात एक काळा, जाडजूड, खिशांचा अंगरखा घेऊन आली. बाह्या नाहीत, पुढे सहा खिसे, खांद्यावर रुंद पट्टे. कापड पाहिलं तर मजबूत. शिलाई मात्र घाईची. माझा मेहुणा किसन नेहमीप्रमाणे बाकावर बसला होता. सत्तरी गाठली तरी दुपारी माझ्याकडे येऊन तासभर न बोलता बसायचा त्याचा नेम चुकत नाही.

"आबा, एवढी पट्टी शिवून द्या ना पाठीवर," म्हणत प्रज्ञानं पिशवीतून एक कापडी पट्टी काढली. इंग्रजी मोठ्या पांढऱ्या अक्षरांत पोलीस असं लिहिलेलं. त्याच्याबरोबर छातीला लावायचा एक छोटा बिल्ला, तोही तसाच.

माझा हात मशीनच्या चाकावर थांबला.

"तू पोलिसात कवा गेली वं?" मी विचारलं.

ती हसली. मग तिनं समजावून सांगितलं. पुण्याबाहेर एका मैदानात रविवारी ती आणि तिचे सोबती लढाईचा खेळ खेळतात. बंदुका दिसायला खऱ्यासारख्या, पण सुटतात त्या प्लास्टिकच्या बारीक गोळ्या. डोळ्याला जाड चष्मा लावल्याशिवाय मैदानात पाऊलच टाकू देत नाहीत. बंदुकीच्या तोंडाला केशरी टोक लावतात. गोळी लागली की ज्याला लागली त्यानं स्वतःच हात वर करून सांगायचं, पंच कोणी नाही. येता-जाता बंदूक पिशवीत बंद. पुढच्या रविवारी एक तुकडी पोलीस होणार आहे आणि दुसरी चोर, म्हणून ही पट्टी.

"आन् मैदानाच्या भायेर?" मी विचारलं.

"भायेर काढून ठेवायची, असं म्हणतात. पण कोणी इतकं पाहत नाही आबा. मागं आमचा एक जण तसाच हायवेवर चहा प्यायला गेला. टपरीवाला उठून उभा राहिला, चहाचे पैसे पण घेतले नाहीत! लई हसलो आम्ही."

किसन हसला नाही. मीही हसलो नाही. तिला वाटलं, म्हाताऱ्यांना विनोद कळला नाही. मला त्या टपरीवाल्याचे पाय दिसत होते. उठून उभे राहिलेले, आणि कुठे पळायचं ते आधीच ठरवून ठेवलेले.

"ठिव इथं," मी म्हणालो. "उद्या देतो." दुपारभर तो अंगरखा माझ्या कापायच्या टेबलावर पडून होता आणि मी त्याच्याकडे पाहत होतो.

आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. मी इंझोरीचा. रिसोडला एका उस्तादाच्या हाताखाली शिवणकाम शिकलो आणि सासऱ्यांच्या शब्दावर त्यांच्या गावी, आसेगावकडच्या या गावात, नवं दुकान टाकलं. दुकान म्हणजे चावडीजवळची एक खोली, एक पायमशीन आणि कोळशाची इस्त्री. पाचच महिने झाले होते. बायको दुसऱ्यांदा गरोदर होती. गावात माझं नाव अजून नाव नव्हतं. सगळे मला 'जवाई' म्हणायचे.

उस्तादांनी मला एक गोष्ट शिकवली होती: उलटी बाजू सुलटीसारखी दिसली पाहिजे. ते म्हणायचे, "गाहक सीधी बाजू देखता है बेटा, कारीगर को उलटी से पहचानते हैं." माझा टाका बारीक. एकदा नजरेला वाकडं दिसलं की ते सरळ केल्याशिवाय माझा हात स्वस्थ बसायचा नाही. पुढे कळलं, की अति तेथे माती शिलाईलाही लागू आहे.

त्या साली कापूस बरा होता. दवानं पाचोळा नरम असतो आणि कापसाला चिकटत नाही, म्हणून बाया उजाडताच शेतात जायच्या. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहिलं की पांढऱ्या बोंडांवरून थंड वास यायचा, ओल्या मातीचा आणि हिरव्या तुरीचा. पण त्या साली शेतात गाणं नव्हतं. बाया वेचता वेचता दर थोड्या वेळानं मान वर करून रस्ता पाहायच्या. पुरुष शेतात राहायचे ते तुरीच्या बाजूनं. कपाशीत माणूस कमरेपर्यंतच झाकतो, तुरीत पूर्ण जातो.

नसबंदीचं भय होतं. खरं किती आणि उठवलेलं किती, मला तेव्हा कळत नव्हतं आणि आता तर सांगताच येणार नाही. कुठल्या तरी बाजारातून माणसं उचलून नेली म्हणे. कुठल्या तरी गावाला पहाटे जीपनं वेढा दिला म्हणे. 'म्हणे' हा शब्द त्या साली कापसापेक्षा जास्त पिकला. मास्तरनं पोरांची नावं लिहिली तर लोक विचारायचे, कायले लिहून राह्यला? "किती लेकरं?" हा साधा प्रश्न. पण तो विचारणाऱ्या फेरीवाल्याला एका म्हातारीनं भांड्यांसकट हाकलून दिलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमच्याकडे तर लोक पाणी फुंकायला लागले होते. मी स्वतः एकदा जीपचा आवाज ऐकून कापायच्या टेबलाखाली शिरलो होतो. ती एका कंत्राटदाराची जीप होती. मी बाहेर आलो तेव्हा गुडघ्याला खडू लागलेला होता आणि बायको दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

किसन तेव्हा बावीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. गावानं त्याला ज्वारीतल्या माळ्यावर बसवलं होतं. एरवी तिथून पाखरं हाकलायची. त्यानं रस्ता पाहायचा आणि खाकी दिसली की आरोळी द्यायची. त्याच्यावर पुरं गाव विसंबून होतं.

अशा दिवसांत शंकर बहुरूपी आला. दरवर्षी याच सुमारास, लोकांच्या हाती कापूस-धान्य आलं की तो यायचा. बरोबर बायको सगुणा. ओढ्याकाठी त्यांचा आठ दिवस डेरा असायचा. पन्नाशीचा, सडपातळ, भरदार आवाजाचा माणूस. रोज एक सोंग. एक दिवस वैदू, एक दिवस पोस्टमन, एक दिवस बाळंतपणाला माहेरी निघालेली बाई. शेवटच्या दिवशी फौजदार. फौजदार होऊन तो थेट पोलीस पाटलालाच पकडायचा, सुताची दोरी कमरेला बांधायचा आणि भर चौकात आरोप वाचायचा, की याच्या वरणात मीठ नाही, कलम अमुक. गाव पोट धरून हसायचं. मग घरोघरचं सूप त्याच्या झोळीत रिकामं व्हायचं आणि तो पुढच्या गावाला जायचा.

मला हे काही माहीत नव्हतं. मी गावात नवा, ती माझी पहिलीच वेचणी. आणि जे सगळ्या गावाला माहीत असतं ते नव्या माणसाला कोणी सांगत नाही, कारण ते सांगायची गोष्ट आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

शंकरची रीत मला मागाहून कळली. गावात पाऊल ठेवलं की तो आधी बिनसोंगाचा पोलीस पाटलाकडे जायचा आणि आपलं खरं नाव सांगायचा. सोंग घेऊन कोणाचा उंबरठा ओलांडायचा नाही. ज्या आळीत मयत झालं तिथं फौजदार न्यायचा नाही. शिट्टी होती, पण तिची चीर मेणानं बुजवलेली. फुंकली की नुसती वाफ. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डावा खांदा. त्या खाकी कोटाच्या डाव्या खांद्यावरची पट्टी उलटी शिवलेली असायची, लाल अस्तर वर. उजवी खाकी, डावी लाल. लांबून खाकी दिसली की गावातलं पोरगंही आधी डावा खांदा पाहायचं. लाल दिसलं की हसू सुरू.

शंकरच्या बापानं त्याला सांगितलं होतं, की सोंगात एक खोट ठेवावी. ती खोट म्हणजे समोरच्याला दिलेला शब्द असतो.

तो कोट घेऊन शंकर माझ्याकडे आला. शेळीनं ओढून डाव्या खांद्याची शिवण उसवली होती. "एवढा खांदा घाला जवाई, सकायी लागते मले," म्हणाला आणि घाईत निघून गेला.

कोट पाहून मला पहिला आला तो संशयच. इतकी चांगली खाकी या माणसाकडे कुठून? त्या आठवड्यात दोघं-तिघं कुजबुजत होते, की यंदा बहुरूपी खरंच बहुरूपी आहे का, की घरं मोजायला पाठवलाय कोणी. मी खिसे उलटे केले. तपकिरीची डबी निघाली, बाकी काही नाही. त्याच्या अपरोक्ष मी त्याचे खिसे तपासले, याची लाज मला अजून वाटते.

मग नजर खांद्यावर गेली. पट्टी उलटी. अस्तर बाहेर. मी हसलो. म्हटलं, कोणा अडाण्यानं शिवलंय हे! बिचारा बहुरूपी, कोणी फसवलं याला. त्यानं फक्त शिवण घालायला सांगितलं होतं. पण संशय खोटा ठरला म्हणून मी त्याचं थोडं देणं लागत होतो, आणि वाकडं पाहून हात तर शिवशिवत होताच. मी पट्टी उसवली. सुलटी केली. बारीक टाका घातला, दोन्ही खांदे जुळवून पाहिले, कांजी मारून कडक इस्त्री केली आणि कोट घडी घालून कागदात बांधला. उस्तादांनी पाहिला असता तर पाठ थोपटली असती, असं मला वाटलं.

संध्याकाळी शंकर कोट घेऊन गेला. घडी मोडली नाही.

सकाळी त्यानं तो अंगात घातला. सगुणा आधीच शेजारच्या गावी गेली होती, डेऱ्यात आरसा नव्हता. असता तरी काय? तीस वर्षं जी गोष्ट जागेवर आहे ती माणूस रोज उठून पाहत नाही. आपला खांदा आपल्याला दिसत नाही, तो समोरच्याला दिसतो.

तो ओढ्याकडून धुऱ्याधुऱ्यानं आला. हातात वेताची छडी, चिकटवलेल्या मिशा, टोपी डोळ्यांवर ओढलेली, छाती पुढे. किसननं माळ्यावरून खाकी पाहिली. डावा खांदा पाहिला. परत पाहिला. आणि आरोळी ठोकली.

बाया ओट्या सांडून पळाल्या. पुरुष तुरीत शिरले. कपाशीची बोंडं पायाखाली तुडवली गेली. आणि शंकर? शंकरला वाटलं, रंग भरला! इतकं चांगलं गाव आजवर खेळलं नव्हतं. तो आणखी चढला. "खबरदार! घेर लो! एक भी छूटना नहीं! वारंट है सबका!" अशी आरोळी मारत, वाफेची शिट्टी फुंकत तो तुरीकडे धावला. त्याचा आवाज मी चावडीजवळ दुकानात ऐकला. असा आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही.

माझा बाप इंझोरीत गावकाम करायचा. कमरेला पितळी बिल्ला होता. तो लावला की लोक त्याला कामं सांगायचे आणि तो ज्यांच्या दारात जायचा ते दार लावून घ्यायचे. छप्पन साली धम्म घेतला, गावकाम सोडलं आणि बिल्ला चावडीवर नेऊन ठेवला. मी सहा वर्षांचा असेन, बरोबर गेलो होतो. वाटेत म्हणाला, "बापू, बिल्ला लावला का लोकं आपल्याले पाह्यतच नाईत, बिल्ल्यालेच पाह्यतात." मी धुऱ्यावरून धावत होतो तेव्हा मला हेच आठवत होतं, आणि तरी मला अजून काय झालंय ते कळलं नव्हतं.

तुरीतली माणसं जेव्हा वळून पाहू लागली तेव्हा त्यांना दिसलं, की जीप नाही, शिपाई नाही. फौजदार एकटा. त्या हंगामभर साठलेली भीती एका क्षणात उलटली. पहिलं ढेकूळ कोणी मारलं कोणास ठाऊक, पण पहिला गोटा किसननं मारला. तो माळ्यावरून उतरून धावत आला होता. गोटा शंकरच्या तोंडावर बसला. शंकर खाली बसला. मग कपाशीच्या पऱ्हाट्या, मग काठ्या. तो काहीतरी बोलत होता, पण तोंडात रक्त होतं आणि कोणाला शब्द कळत नव्हते. आपलं नाव सांगत असावा.

मी पोचलो तेव्हा गर्दी होती. मी कोट ओळखला. माझीच इस्त्री, माझाच टाका. आणि मी थांबलो. हे लिहायला मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली: मी थांबलो. किती वेळ, सांगता येत नाही. चार श्वास असतील. डोक्यात आलं, की हे मला विचारतील, खाकी तुझ्याकडे कशी? तू कोणाचा माणूस? मी नवा, मी बाहेरचा. त्या चार श्वासांत दोन काठ्या पडल्या.

मग मी घुसलो, "बहुरूपी हाये रे, शंकर हाये!" म्हणून ओरडलो. कोणी ऐकेना. "शंकरचा डावा खांदा लाल असते, ह्याचा खाकी हाये!" गर्दीतून कोणी ओरडलं, तेव्हा मला कळलं मी काय सरळ केलं होतं. मी त्याच्या अंगावर आडवा पडलो, डाव्या खांद्यावरची पट्टी दातांनी-हातांनी ओढली, टरकन फाडली आणि लाल बाजू वर धरली. माझाच टाका तोडायला मला सगळा जोर लागला.

लाल पाहून हात थांबले. किसननं हातातला गोटा खाली ठेवला.

त्याला आम्ही उचलून डेऱ्यात नेलं. सगुणा आली, तिनं आम्हाला एक शिवी दिली नाही, फक्त "सरका" म्हणाली. तालुक्याहून डॉक्टर आणला. जबडा मोडला होता, पुढचे दात गेले होते.

संध्याकाळी ऊन उतरताना मी एकटा डेऱ्याकडे गेलो. पट्टी माझ्या मुठीतच होती. शंकर उशाला कोट घेऊन पडला होता. मी तोंड उघडणार, तोच तो कापड तोंडापासून बाजूला करून, अडखळत म्हणाला, "टाका वयखला म्या. इतला बारीक टाका ह्या गावात दुसऱ्या कोनाचा हाय?"

"मले मालूम नव्हतं," मी म्हणालो. "वाकडी दिसली म्हून सरळ केली."

"समजलो मी."

"मंग सकायी लोकाइले काहून नाई सांगतलं?"

"लोकाइच्या हातात गोटे होते, जवाई," तो म्हणाला. "म्या तुमचं नाव घेतलं असतं तं ते गोटे कोठी गेले असते?"

मी पट्टी पुढे केली. त्यानं ती घेतली नाही. "तुमच्यापाशी ठिवा. पुढच्या साली येतो. तवा लावून द्या. उलटी."

दुसऱ्या दिवशी चावडीवर लोक बसले. कोणाला तरी दोष लावल्याशिवाय गावाला घास गोड लागणार नव्हता. ठरलं ते असं: शंकरनं यंदा मुद्दाम खांदा लपवला. दिवस असे, खाकीचा दबदबा मोठा. त्याला खरा फौजदार व्हायची हाव सुटली. खोट काढून टाकणाऱ्या बहुरूप्याला गावात थारा नाही. यापुढे त्यानं या गावात यायचं नाही. पोलीस पाटील म्हणाले, "कोनाले काई बोलाचं हाय का?"

मी भिंतीला टेकून बसलो होतो. पट्टी सदऱ्याच्या आतल्या खिशात होती. घरी गरोदर बायको, पाच महिन्यांचं दुकान. पुढच्या साली तो आला की त्याच्या देखत सांगू, असं मी मनाशी ठरवलं आणि गप्प बसलो. पुढच्या साली तो येणारच नाही, हे तिथं ठरत होतं आणि मी ऐकत होतो.

तो आला नाही. दोन-तीन वर्षांनी रिसोडच्या बाजारात सगुणा भेटली. म्हणाली, आता शब्द नीट उमटत नाहीत, म्हणून बोलायचं सोंग घेत नाही. दगडी मूर्ती होऊन उभा राहतो, हलत नाही. पोरं ढुशा देतात, तरी हलत नाही. "लय चांगली मूर्ती करते," ती म्हणाली. पट्टीचा विषय मी काढला नाही, तिनंही नाही. त्यानंतर मला ती दोघं दिसली नाहीत.

तेव्हापासून मी संशयी. लोकांना वाटतं मी लोकांवर संशय घेतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मला हरेक सुलट्या बाजूचा संशय येतो, कारण एक सुलटी बाजू मी केली होती. आणि प्रज्ञानं तिच्या खेळाचे नियम सांगितले तेव्हा मला त्यांत एकच नियम कमी वाटला. डोळ्याला चष्मा, तो खेळणाऱ्यासाठी. केशरी टोक, तेही मैदानातल्यांसाठी. पण खेळात नसलेल्याचं काय? जो चहा करतोय, कापूस वेचतोय, ज्याला कोणी सांगितलं नाही की हा खेळ आहे? खाकी घालणाऱ्याला ती खेळातली वाटत असली, तरी पाहणाऱ्याला ती खरीच असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञा अंगरखा न्यायला आली. किसन बाकावर होता. मी बटणांचा जुना डबा काढला, तळातून पट्टी काढली. लाल आता विटकरी झालंय, कडेला फाटलेल्या टाक्यांची भोकं आहेत.

"ही कायची आबा?" तिनं विचारलं.

किसननं मान वर केली. त्यानं ती ओळखली. हंगामाचे सगळे रंग विसरला असेल, पण तो रंग विसरला नव्हता.

मी सांगितलं. सगळं, जसं इथं लिहिलं तसं. चार श्वास आणि चावडीची भिंत, दोन्ही धरून. प्रज्ञासाठी सांगत होतो, पण पाहत होतो किसनकडे. बाहेरून एक बंडी गेली, तिच्या मागून तंतू आत आले.

"म्हंजे त्यानं खांदा लपवला नोता," किसन म्हणाला.

"नाई."

"भाऊजी, अठ्ठेचाळीस वरसं मी त्याच्यावर राग धरून झोपलो. त्यानं लपवला म्हून म्या मारला, असं सवताले सांगतलं. बायकोले सांगतलं, पोराइले सांगतलं." तो माझ्याकडे वळला. "आता कोनावर धरू?"

"माझ्यावर धर," मी म्हणालो.

त्यानं हात पुढे केला. मी पट्टी दिली. त्यानं ती उलटी केली, सुलटी केली, भोकांवरून अंगठा फिरवला. मग प्रज्ञाकडे पाहून म्हणाला, "इच्या अंगावर लाव. आन् उलटी लाव."

पाठीची ती पोलीस लिहिलेली पट्टी प्रज्ञानं उचलली, क्षणभर हातात धरली आणि परत माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "ही टिचबटणांवर बसवा आबा. मैदानाच्या दारातच काढता आली पायजे." मग मी मशीनवर बसलो. टिचबटणं बसवली. आणि डाव्या खांद्यावर ती लाल पट्टी हातानं शिवली. मुद्दाम मोठे, वाकडे, लांबून दिसतील असे टाके घातले. आयुष्यात इतकी वाईट शिलाई मी केली नव्हती, आणि डोळे भरून आल्यामुळे ती आणखी वाईट झाली.

तिनं अंगरखा घातला आणि दुकानाबाहेर जाऊन, रस्त्याच्या पलीकडे, निंबाखाली उभी राहिली. काळा अंगरखा, छातीला बिल्ला. किसन बाकावरून उठला, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि डोळ्यांवर हात आडवा धरून त्यानं आधी तिचा डावा खांदा पाहिला.

परत पाहिला.

"हो," तो म्हणाला. "दिसून राह्यलं."